फोन परत, गिऱ्हाईक ठेवून

२४ डिसेंबर हा राष्ट्रीय ग्राहक दिन. १९८६ साली याच तारखेला ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. ग्राहक संघटनेचं काम करत असल्यामुळे दरवर्षी या सुमारास मला कुठल्या ना कुठल्या कॉलेजातून बोलावणं येतं. यंदा मी विषय निवडला तो सॅमसंगच्या गॅलेक्सी नोट ७ या फोनचा. २०१६ साली तो जगभरातून परत मागवला गेला आणि त्यानंतर ग्राहकांपुढे ‘अपग्रेड’ची योजना ठेवली गेली. मला त्या योजनेच्या अटींबद्दल बोलायचं होतं.

भाषणाचे कागद घेऊन मी आधी सांगलीला मामांकडे गेले. मामांनी एका दुचाकी कंपनीच्या वॉरंटी विभागात ३१ वर्षं काढली आहेत. रोज गिऱ्हाईक समोर, हातात जॉब कार्ड आणि वरून खर्च कमी ठेवण्याचा तगादा. माझ्या बाजूने लिहिलेलं काहीही मी त्यांना आधी दाखवते, कारण दुसरी बाजू त्यांच्याइतकी मनापासून मांडणारा माणूस मला माहीत नाही. दोन संध्याकाळी आम्ही ओसरीवर बसून जे बोललो, ते इथे देते आहे.

मामा : त्या फोनला आता किती वर्षं झाली! तुझ्या कॉलेजातल्या पोरांना नावही आठवणार नाही. त्यांना हे कशाला सांगायचं?

मी : आठवत नसेल म्हणूनच सांगायचं. चालू प्रकरणात रोज नवी बातमी येते आणि हिशेब मांडता येत नाही. इथे कारण सापडलंय, कोर्टाचा निकाल लागलाय, किती फोन परत आले तेही ठाऊक आहे. सगळं एका पानावर मांडता येतं.

मामा : मग मांड पाहू. आधी तारखा, मग तक्रार.

मी : फोन १९ ऑगस्ट २०१६ ला कोरिया आणि अमेरिकेत विक्रीला आला. कोरियात किंमत ९ लाख ८८ हजार ९०० वॉन. दोन आठवड्यांत चार्जिंगला लावलेले फोन पेटल्याच्या तक्रारी आल्या. २ सप्टेंबरला सोलमध्ये कंपनीच्या मोबाइल विभागाचे प्रमुख को डाँग-जिन यांनी विक्री थांबवली आणि २५ लाख फोन बदलून देऊ असं जाहीर केलं. तोवर जगभरातून ३५ प्रकार नोंदले गेले होते.

मामा : पस्तिसांसाठी पंचवीस लाख. आमच्या कंपनीत असा निर्णय घ्यायचा म्हटला असता तर तीन महिने नुसत्या मीटिंगा झाल्या असत्या. हे तुझ्या भाषणात यायला हवं.

मी : येईल. पण पुढे बदलून दिलेले फोनही पेटले. ५ ऑक्टोबरला अमेरिकेत लुईव्हिलच्या विमानतळावर साउथवेस्ट कंपनीच्या विमानात, उड्डाणाआधीच, एका प्रवाशाच्या फोनमधून धूर निघाला आणि अख्खं विमान रिकामं करावं लागलं. तो फोन बदलून मिळालेला होता. ११ ऑक्टोबरला कंपनीने उत्पादन कायमचं बंद केलं. मग दुसऱ्यांदा परत बोलावणं. म्हणजे ज्याने ऑगस्टमध्ये फोन घेतला, त्याने तो घ्यायला एक खेप घातली, बॅटरी तपासायला दुसरी, बदली फोन आणायला तिसरी आणि तोही परत करायला चौथी. प्रत्येक वेळी फोनमधले फोटो, नंबर, निरोप, बँकेची ॲपं एका फोनमधून दुसऱ्यात न्यायची.

मामा : त्रास झाला हे मान्य. पण त्या बॅटऱ्यांचं नेमकं काय बिघडलं होतं? मला त्यातलं कळायला हवं, नाहीतर पुढचं बोलणं पोकळ होतं.

(मामांचा हा स्वभाव मला आवडतो. दोष कळल्याशिवाय ते दोषी ठरवत नाहीत.)

मी : २३ जानेवारी २०१७ ला कंपनीने निष्कर्ष जाहीर केले. ७०० माणसं कामाला लावून दोन लाखांवर फोन आणि तीस हजारांवर सुट्या बॅटऱ्या तपासल्या होत्या. पहिल्या खेपेच्या बॅटऱ्या सॅमसंग एसडीआय या सॅमसंगच्याच समूहातल्या कंपनीच्या. त्यांचं वेष्टण कोपऱ्यात अपुरं पडत होतं, तिथे आतलं ऋण टोक दाबून वाकायचं. बदली फोनमधल्या बॅटऱ्या दुसऱ्या पुरवठादाराच्या. त्यांत वेल्डिंगच्या जागी धातूचे टोकदार कण राहिले होते, ते पडदा भेदून आत शिरायचे. काहींत इन्सुलेशनची टेपच नव्हती. म्हणजे दोन खेपा, दोन वेगळे दोष.

मामा : घाई. दुसऱ्या पुरवठादारावर एकदम भार टाकला की वेल्डिंगचा कस उतरतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. बरं, चूक झाली. कंपनीने ती कबूल केली, माल परत घेतला, पैसे परत द्यायची तयारी दाखवली. आता तुझी तक्रार काय?

मी : २४ ऑक्टोबर २०१६ ची. त्या दिवशी कंपनीने कोरियातल्या ग्राहकांसाठी योजना जाहीर केली. नोट ७ परत करा, त्याऐवजी हप्त्यांवर गॅलेक्सी एस ७ किंवा एस ७ एज घ्या. चोवीस हप्ते पुरे करायची गरज नाही. निम्मी किंमत भरलीत की पुढच्या वर्षी तो फोन परत द्या आणि एस ८ किंवा नोट ८ घ्या. उरलेली निम्मी किंमत माफ.

मामा : पोरी, हा तर बरा सौदा आहे! एस ७ कितीला होता?

मी : साधा ८ लाख ३६ हजार वॉन.

मामा : म्हणजे चार लाख अठरा हजार भरले की सुटका. वर्षभर वापरलेला फोन बाजारात न्यायचा, दुकानदाराशी घासाघीस करायची, तरी निम्मी किंमत सुटेलच याची खात्री नाही. इथे ती खात्री कंपनी देते. फोन जुना होतो त्याचा तोटाही तीच सोसते. यात गिऱ्हाइकाने चिडायचं कारण काय?

मी : ज्याला पुढचा फोन त्याच कंपनीचा घ्यायचाच होता, त्याला चिडायचं काही कारण नाही. त्याच्यासाठी सौदा बराच. पण बाकीच्यांचं बघा. एस ७ मार्चमध्ये बाजारात आला होता. ऑक्टोबरमध्ये तो सात महिन्यांचा जुना झालेला. आणि त्याला पेन नव्हतं.

मामा : पेन?

मी : नोट घेणारा माणूस तो घेतो कशासाठी? फोनच्या पोटात बसणाऱ्या त्या पेनसाठी. पडद्यावर लिहिता येतं, आकृती काढता येते. एस ७ ला ते नाही, एस ८ लाही नव्हतं. पेन असलेला नोट ८ कोरियात दुकानात आला २१ सप्टेंबर २०१७ ला. म्हणजे ज्याला त्या पेनची गरज होती, त्याने आधी नको असलेला फोन घ्यायचा, अकरा महिने वापरायचा, त्याची निम्मी किंमत भरायची आणि मग परत पूर्ण किमतीला नवा फोन घ्यायचा. योजनेचा लाभ त्या शेवटच्या खरेदीला बांधलेला. ती खरेदी केली नाही तर सवलतही नाही, जुन्या फोनचे उरलेले हप्ते भरत बसा.

मामा : पण योजनेत या म्हणून कोणी जबरदस्ती केली होती का? पैसे परत घ्यायचा रस्ता मोकळा होता ना?

मी : मोकळा होता. ते मी भाषणात पहिल्यांदा सांगणार आहे.

मामा : मग झालं! रिफंड आहे, बदली फोन आहे, वर ही योजना. तीन दारं उघडी असताना तू तिसऱ्या दाराचा उंबरठा उंच आहे म्हणून भांडतेस.

इथे मी थोडी थांबले. मामांचं म्हणणं वरवर पाहता बरोबर होतं आणि बहुतेक लोक इथेच वाद सोडून देतात. पण माझ्या कागदांत आणखी दोन आकडे होते.

मी : मामा, योजनेच्या आधीची गोष्ट. कोरियात फोन परत करणाऱ्याला ३० हजार वॉनचं कुपन मिळत होतं. त्या बदल्यात सॅमसंगचाच दुसरा फोन घेतला तर वर आणखी ७० हजार. अमेरिकेतही तीच तऱ्हा. सॅमसंगचा दुसरा फोन घेणाऱ्याला १०० डॉलरपर्यंत सूट. पैसे परत मागणाऱ्याला किंवा दुसऱ्या कंपनीचा फोन घेणाऱ्याला २५ डॉलर.

मामा : धंद्यात हे चालतंच. राहणाऱ्याला जास्त द्यायचं, जाणाऱ्याला कमी.

मी : विकताना चालतं. पण हे पैसे कशाचे? खेपा घातल्या, फोन उशाशी ठेवून झोपायची भीती वाटली, विमानात बसताना फोन घेऊन जाता आला नाही, त्या सगळ्याची ती भरपाई ना? जाणाऱ्याने आणि राहणाऱ्याने सारख्याच खेपा घातल्या. दोघांच्या घरात तीच बॅटरी होती. त्रास सारखा आणि भरपाई तिप्पट-चौपट कमी-जास्त, हे कुठल्या हिशेबाने?

मामांनी लगेच उत्तर दिलं नाही. आत जाऊन चहा सांगितला, परत येऊन बसले आणि एकदम वेगळ्याच जागी सुरुवात केली.

मामा : तुला एक अडचण सांगतो, तुझ्या कागदांत ती दिसणार नाही. परत बोलावलेला माल परत येत नाही. आमच्याकडे एकदा ब्रेकच्या एका सुट्या भागात खोट निघाली. आम्ही पत्रं पाठवली, डीलरला याद्या दिल्या. भाग फुकट बदलून मिळणार, मजुरी नाही, अर्ध्या तासाचं काम. तरी कित्येक लोक आलेच नाहीत. गाडी चालतेय ना, मग कशाला एक दिवस मोडा! मी स्वतः फोन करून विनवण्या केल्या आहेत. ज्याच्या हातात वस्तू आहे त्याला धोका वाटत नाही. त्याला काहीतरी आमिष दाखवावंच लागतं. ही योजना म्हणजे ते आमिष होतं असं धर.

मी : हे मला पटतं. नोट ७ च्या बाबतीतही लोक फोन सोडायला तयार नव्हते. इतका चांगला फोन, म्हणायचे, माझा तर काही तापत नाही. शेवटी कंपनीने कोरियात चार्जिंग ६० टक्क्यांवर अडवलं, नंतर १५ टक्क्यांवर. अमेरिकेत डिसेंबरमध्ये असं अपडेट आणलं की फोन चार्जच होऊ नये. तेव्हा व्हेरायझन या तिथल्या मोबाइल सेवा कंपनीने सुरुवातीला ते पाठवायला नकार दिला होता, कारण नाताळच्या प्रवासात कोणाकडे दुसरा फोन नसेल तर अडीनडीला त्याने काय करायचं?

मामा : बघ. आणि शेवटी आले किती?

मी : २३ जानेवारीपर्यंत ३० लाख ६० हजारांपैकी ९६ टक्के.

मामा : ९६! आमच्या धंद्यात असा आकडा मी स्वप्नातही पाहिला नाही. हे आमिषाशिवाय झालं असतं?

मी : आमिष हवंच. पण ते फोन परत आणून देण्याबद्दल असावं. पेटणारी वस्तू घरातून बाहेर काढणं हा हेतू असेल, तर ती आणून देणाऱ्या प्रत्येकाला सारखं बक्षीस द्या. तो नंतर कोणाचा फोन घेतो याचा सुरक्षिततेशी काय संबंध? ज्या क्षणी रक्कम पुढच्या खरेदीवर अवलंबून राहते, त्या क्षणी तुम्ही फोन परत मागवत नाही, गिऱ्हाईक अडवता. शिवाय तारखा शेजारी ठेवून पाहा. आयफोन ७ कोरियात विक्रीला आला २१ ऑक्टोबरला. ही योजना जाहीर झाली २४ ला. कोणाच्या मनात काय होतं ते मी सांगू शकत नाही, पण त्या आठवड्यात बाजारात काय चाललं होतं ते दिसतं.

पहिल्या संध्याकाळी आम्ही इथवर आलो. रात्री जेवताना विषय नोकियाकडे वळला.

मामींनी आठवण काढली. २००७ सालच्या ऑगस्टमध्ये नोकियाने बीएल-५सी नावाच्या बॅटऱ्यांबद्दल सूचना काढली होती. मात्सुशिता कंपनीने बनवलेल्या त्या बॅटऱ्या होत्या ४ कोटी ६० लाख. तेव्हा घरोघरी फोनची पाठ उघडून बॅटरी बाहेर काढायची आणि तिच्यावरचा २६ अक्षरांचा नंबर तपासायचा, असा कार्यक्रम काही दिवस चालला होता. मामींनी चष्मा लावून शेजारच्या चार घरांचे नंबर वाचून दिले होते. ज्याची बॅटरी त्या यादीत निघाली, त्याला नवी फुकट मिळायची. फोन तोच, सिम तेच, आतले नंबर तसेच.

मला त्यातून एक गोष्ट लख्ख दिसली आणि ती भाषणात घालायची ठरवली. बॅटरी काढता येत होती तोवर दोष बॅटरीपुरता राहिला. नोट ७ ची बॅटरी आत बंदिस्त होती. म्हणून काही ग्रॅमच्या एका भागातल्या दोषासाठी माणसाला अख्खा फोन सोडावा लागला आणि ‘आता दुसरा कोणता घेणार?’ हा प्रश्न त्याच्यापुढे येऊन पडला. अपग्रेडच्या अटींना जागा मिळाली ती या बंद डब्यामुळे.

दुसऱ्या संध्याकाळी मामा तयारीने बसले होते. भाच्याकडून काही वाचून घेतलं असावं.

मामा : काल तू एक गोष्ट गाळलीस. कोर्ट काय म्हणालं?

मी : गाळली नाही, आज सांगणार होते. योजना जाहीर झाली त्याच दिवशी, २४ ऑक्टोबरला, कोरियातल्या ५२७ नोट ७ धारकांनी सोलच्या मध्यवर्ती जिल्हा न्यायालयात दावा लावला. प्रत्येकी ५ लाख वॉन मागितले. दुकानात घातलेल्या खेपा, गेलेला वेळ, माहिती हलवण्याची कटकट, मनस्ताप, अशी ती मागणी होती. पुढे दावेदार वाढत गेले.

मामा : आणि २०१७ च्या ऑगस्टमध्ये ते हरले.

मी : हरले. कोर्टाने म्हटलं की फोन परत मागवण्याची कारवाई कायद्याला धरून होती, बदलून घेण्याची आणि पैसे परत घेण्याची सोय होती, आणि त्यात जी गैरसोय झाली ती ग्राहकाने सोसण्याच्या मर्यादेतली आहे.

मामा : मग कोर्टाहून तू मोठी?

मी : नाही. कायद्याने किमान काय द्यायला हवं ते कोर्टाने सांगितलं आणि त्या किमानाला कंपनी उतरली. मला त्यात खोट काढायची नाही. पण कोर्टापुढचा प्रश्न हा होता की कंपनी आणखी काही देणं लागते का. माझा प्रश्न दुसरा आहे. कंपनीने आपणहून जे दिलं, ते तिने कोणाला दिलं आणि कोणाला नाही?

मामा : आणखी द्यायचं म्हणजे किती, याला काही मर्यादा? तिने १४ ऑक्टोबरला सांगून टाकलं की पुढच्या दोन तिमाहींत नफ्याला साडेतीन लाख कोटी वॉनच्या आसपास फटका बसेल. परत घेतलेले फोन, पडून राहिलेला माल, जाहिराती, दुकानदारांचं कमिशन. त्या खड्ड्यात उभं राहून तिने प्रत्येकाला मनस्तापाचे पैसे वाटायचे? उद्या दुसरी कंपनी हे बघून रिकॉल जाहीरच करणार नाही. झाकून ठेवेल. माझं म्हणणं लिहून घे. परत बोलावणं फार महाग केलंस तर लोक परत बोलावणार नाहीत, आणि मग घरं पेटतील.

मी हे शब्द खरोखरच लिहून घेतले. दोन दिवसांत ऐकलेला हा सगळ्यात वजनदार मुद्दा होता आणि मला तो खोडता आला नाही. रिकॉल हा प्रामाणिक कंपनीला शिक्षेसारखा होऊ नये, हे ग्राहकाच्याही हिताचं आहे. पण माझं मागणं रक्कम वाढवण्याचं नव्हतंच.

मी : मामा, मी एक वॉनही जास्त मागत नाही. जो पैसा ठेवला होता तोच सगळ्यांत सारखा वाटा, एवढंच. एक उदाहरण देते. आपल्याकडे कापडाच्या दुकानात साडीचा रंग पहिल्या धुण्यात गेला. आपण परत घेऊन गेलो. दुकानदार भला माणूस, चूक मानतो. म्हणतो, पैसे हवे तर साडीचे तेवढे देतो. पण इथूनच दुसरी साडी घ्याल तर वर पाचशेची सूट. तुम्हाला काय वाटेल?

मामा : घेईन मी. पाचशे कोण सोडतो?

मी : सांगलीच्या पेठेत पुढच्याच दुकानात तुम्हाला हवी ती साडी असली तर?

मामा : मग… मग मला वाटेल की रंग गेल्याची चूक त्याची, आणि ती मिटवायला मीच त्याच्याकडून आणखी माल घ्यायचा.

मी : कोरियातल्या त्या लोकांना नेमकं हेच वाटलं.

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग ते जे बोलले ते माझ्या डोक्यात कधी आलं नसतं. वॉरंटी विभागात आयुष्य काढलेल्या माणसालाच ते सुचावं.

मामा : आमच्याकडे खर्चाची दोन खाती असायची. एक वॉरंटीचं. मालात खोट निघाली, भाग बदलला, मजुरी दिली, ते सगळं तिथे. मुदत संपलेली असली तरी गिऱ्हाइकाला न्याय म्हणून काही करायचं झालं तर ‘गुडविल’ म्हणून तेही तिथेच. दुसरं खातं विक्रीचं. जुनी गाडी आणा, नवीवर सूट घ्या, सणाची ऑफर, ते तिकडे. विक्रीचा साहेब कधी कधी आमच्याकडे यायचा. म्हणायचा, तक्रार घेऊन आलेल्या अमुक गिऱ्हाइकाला नवी गाडी घ्यायला लावा, सूट मी देतो. मी त्याला सांगायचो, आधी त्याची तक्रार माझ्या खात्यात मिटू दे, मग तू तुझ्या खात्यातून हवी तेवढी सूट दे. तक्रार उघडी असताना त्याच्याशी विक्रीचं बोलायचं नाही.

मी : का?

मामा : तेव्हा तो अडलेला असतो. अडलेल्याला विकलेला माल टिकत नाही. सहा महिन्यांत तोच माणूस दुप्पट रागाने परत येतो.

मी : मग ती ७० हजारांची रक्कम आणि ती योजना कोणत्या खात्यातली?

मामा : विक्रीच्या. त्यात मला शंका नाही. ते ३० हजार माझ्या खात्यातले, ७० हजार त्या साहेबाचे. पण तरी सांगतो, विक्रीच्या खात्यातून दिलं म्हणून ते वाईट ठरत नाही. त्याला भरपाई म्हणू नये, इतकंच.

यापुढे मामा हलले नाहीत. योजना ऐच्छिक होती, तिच्यामुळे अनेकांचा फायदा झाला आणि कंपनीने ती आणली नसती तर कोणी तिला विचारलंही नसतं, यावर ते ठाम आहेत. मीही हलले नाही. माझ्या मते चूक मिटवण्याचा पैसा आणि पुढच्या विक्रीची सूट एकाच कागदावर, एकाच वाक्यात आली की सामान्य माणसाला त्यातली रेघ दिसत नाही. कंपनीने आपल्याला काहीतरी दिलं असं समजून तो सही करतो. त्या दोन रकमा वेगळ्या कागदांवर असाव्यात आणि पहिली रक्कम निघून जाणाऱ्यालाही पुरी मिळावी. हे मी भाषणात तसंच्या तसं सांगणार आहे.

जाता जाता मामांनी विचारलं, आपल्याकडे असं झालं असतं तर?

झालं नाही, ते थोडक्यात टळलं. नोट ७ भारतात ५९,९०० रुपयांना येणार होता आणि त्याची विक्री सुरू व्हायची ठरलेली तारीख २ सप्टेंबर २०१६ होती. सोलमध्ये फोन परत मागवल्याची घोषणा झाली ती त्याच दिवशी. इथे तो दुकानात आलाच नाही. ९ सप्टेंबरला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने विमानात तो वापरू नये, चार्ज करू नये, अशी सूचना मात्र काढली. पण तेव्हा तो इथे विकला गेला असता, तरी वस्तू परत मागवण्याचा आदेश देणारी केंद्रीय यंत्रणा १९८६ च्या कायद्यात नव्हती. ती आली २०१९ च्या कायद्याने, आणि तो अमलात आला जुलै २०२० मध्ये.

त्या कायद्यातली दोन कलमं मी मामांना वाचून दाखवली. कलम २० प्रमाणे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण धोकादायक वस्तू परत मागवायला लावू शकतं आणि घेणाऱ्यांना किंमत परत करायला लावू शकतं. कायद्याचा शब्द किमतीची परतफेड असा आहे, कुपन किंवा सूट असा नाही. आणि कलम २ च्या ४७ व्या पोटकलमात अनुचित व्यापारी प्रथांची जी यादी आहे, तीत सदोष माल परत घ्यायला आणि बिलात लिहिलेल्या मुदतीत पैसे परत करायला नकार देणं ही एक प्रथा म्हणून नोंदली आहे. बिलात मुदत नसेल तर ती तीस दिवस धरायची. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असं छापलेली बिलं आपल्या बाजारपेठांत आजही दिली जातात. सदोष मालाच्या बाबतीत ते वाक्य कायद्यापुढे उभं राहत नाही.

मामांनी चष्मा काढून ठेवला आणि म्हणाले, हे तुझ्या भाषणाच्या शेवटी नको, सुरुवातीला सांग. पोरं शेवटपर्यंत बसत नाहीत.

त्यांचं ऐकून मी क्रम बदलला. आणि जे सुरुवातीला सांगणार आहे, तेच वाचकांनाही सांगते. घरातली एखादी वस्तू कंपनीने परत मागवली असं कळलं, तर ती आधी बंद करा, चार्जिंगवरून काढा, आणि चालते आहे म्हणून ठेवून घेऊ नका. बिल शोधून त्याचा फोटो काढून ठेवा. दुकानात किंवा सर्व्हिस सेंटरवर पुढच्या वस्तूचं बोलणं निघालं, तर आधी विचारा की मी काहीच घेतलं नाही तर मला किती परत मिळणार, आणि तो आकडा लिहून मागा. तो हातात आल्याशिवाय बदलीच्या किंवा अपग्रेडच्या कुठल्याही कागदावर सही करू नका. आकडा द्यायला कोणी टाळाटाळ केली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा, तिचा नंबर १९१५ आहे.